दोन नंबर गोदामाचे बिल्ले

दि. ३ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर मिळालं, उत्तराला मात्र उशीर झाला. कारण वाचून घाबरू नकोस, आम्ही सगळे सुखरूप आहोत. परवा रविवारी दुपारी आमच्या गादी कारखान्याला आग लागली. सगळ्या कारखान्याला नाही, फक्त मागच्या दोन नंबरच्या गोदामाला. सुट्टी असल्यामुळे आत माणूस नव्हतं, हे नशीब. कापूस म्हणजे तुला सांगायला नको, एकदा पेटला की पाणी मारणाऱ्याचे हात दुखतात पण तो विझत नाही. छप्पर खाली आलं. सोळा वर्षं ज्या दाराला मी रोज कुलूप लावलं, त्या दाराची नुसती चौकट उरली आहे.

आगीचं कारण अजून कळलेलं नाही. गेटवरचे मामा त्या वेळी जागेवर नव्हते म्हणतात. कुठे गेले होते, कशासाठी गेले होते, कुणास ठाऊक. स्टोअरकीपर या नात्याने मला मात्र सगळे विचारतात, जणू काही मीच काडी ओढली.

गेला आठवडा तसाही कामाचा गेला होता, खांदे भरून आले आहेत. तुझी वहिनी शेकून देते आणि वर म्हणते की लेखणी उचलणाऱ्याचे खांदे कशाने दुखतात. ती बरी आहे.

एक काम आहे. उद्याच्या पार्सल गाडीने एक लोखंडी पेटी पाठवतो आहे. त्यात माझी जुनी हत्यारं आहेत. इथे घरात जागा नाही. तुझ्याकडे कुठेतरी कोपऱ्यात ठेव. उघडायची तसदी घेऊ नकोस, सगळं गंजकं आहे, हाताला लागायचं.

फोन करत नाही, कारण तुला ऐकू येईपर्यंत आमच्या चाळीला सगळं ऐकू जातं.

माया आहेच, ती तशीच ठेवावीस ही विनंती.

तुझा,
धाकटा


दि. ८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, त्यामुळे "आग" एवढंच दिसलं आणि चष्मा शोधत घरभर फिरले. मग चष्मा लावून वाचलं. तुम्ही सुखरूप आहात ना, मग कापूस जळो नाहीतर गोदाम जळो.

आता मोठी बहीण म्हणून चार शब्द सांगते, ते ऐक. तुझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. मालकांच्या भानगडीत पडू नकोस. विचारतील तेवढंच सांग, आणि तेही कमीच सांग. चौकशीत जास्त बोलणारा माणूस नेहमी अडकतो, हे मी शिवणवर्गात कात्री हरवली तेव्हापासून बघत आले आहे. थोरल्या मालकांनी तुला हातात काही नसताना कामावर घेतलं होतं. त्यांच्या मुलाच्या अडचणीत खाल्ल्या मिठाला जागावं.

आणि तुमच्या त्या मामांचं काय सांगावं! पहाऱ्याला बसवलेला माणूसच जागेवर नाही म्हणजे कमाल झाली. मी तिकडे आले होते तेव्हा मला ते सज्जन वाटले होते, मांजरीला स्वतःच्या डब्यातलं घालत होते. पण माणसाचं खरं रूप वेळ आल्याशिवाय कळत नाही.

पेटी मिळाली. पार्सलवाल्याने ती दारात आपटली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्यावर सूड उगवते आहे. हत्यारं आहेत की तोफ? शिवणयंत्राचा एक पाय कित्येक दिवस हलत होता, त्याखाली ती बरोबर बसली. तुझी हत्यारं पहिल्यांदाच घरच्या कामाला आली.

खांद्यांना तेल लाव. वहिनीला आशीर्वाद. पत्राला उशीर करू नकोस, माझा जीव टांगणीला लागतो.

तुझी,
ताई


दि. १७ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा सल्ला मानला. कमीच बोललो.

विमा कंपनीच्या एक तपासणीसबाई आल्या आहेत. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पायात गमबूट, आणि हातात चक्क चाळणी. गोदामाच्या राखेत दोरीने चौकोन आखून एकेक चौकोन चाळताहेत. कारखान्यात सगळे हसतात. मी हसत नाही. त्या रोज माझ्याकडून एखादा कागद मागतात, बघतात, आणि थँक्यू म्हणून परत देतात. त्यांचं थँक्यू ऐकलं की मला घाम फुटतो.

मालकांनी दावा केला आहे की आत नऊशे दोन गाठी होत्या. माझ्या साठ्याच्या कार्डांवरही तसंच आहे.

पोलिसांनी मामांना नेलं. राखेत त्यांचा चहाचा स्टोव्ह सापडला. त्यांनी तो गोदामात नेऊन पेटवला आणि तसाच सोडून कुठेतरी निघून गेले, असं म्हणणं आहे. मामा म्हणतात की स्टोव्ह गेटवरच्या केबिनमध्ये होता, आणि ते स्वतः मालकांच्या घरी फाईल पोचवायला गेले होते, कुणीतरी सांगितलं म्हणून. माझाही जबाब झाला. मला याबद्दल काही माहीत नाही, असं मी सांगितलं आणि सही केली.

जेवण जात नाही. वहिनी म्हणते डॉक्टरला दाखवा. दाखवून काय सांगू?

त्या पेटीचं म्हणशील तर ती भंगारवाल्याला दिलीस तरी चालेल. खरं म्हणजे देऊनच टाक. उघडली नाहीस ना? विनाकारण ओझं तुझ्या घरात नको. भंगारवाला दारावर येतो ना तुझ्याकडे? न विसरता दे.

रागावू नकोस, माया करत राहा.

तुझा,
धाकटा


दि. २३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

एका पत्रात पेटीबद्दल सहा वाक्यं, आणि तुझ्या पोटच्या पोरीबद्दल एकही नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी ऐकायला कमी येणारी बाई आहे, वाचायला नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी पेटी उघडली. कुलूप म्हणून तू जे काही लावलंस ते माझ्या केसांच्या पिनेने निघालं. आत हत्यारं नाहीत. पत्र्याचे बिल्ले आहेत, तारेच्या कड्यांत ओवलेले.

मी तुझ्या कारखान्यात आले होते तेव्हाचं तुला आठवत नसेल, मला आठवतं. तू मला अर्धा तास त्या गोदामात उभं केलं होतंस. तेलाचे डबे कापून तू हे बिल्ले बनवतोस, खिळ्याने ठोकून त्यावर नंबर पाडतोस, गाठ आत आली की तिला तारेने बिल्ला बांधतोस. गाठ बाहेर गेली की बिल्ला कापून कड्यात ओवतोस, एका कड्यात पन्नास. तू म्हणाला होतास की कार्ड चुकेल, माणूस चुकेल, पण बिल्ला चुकायचा नाही. गाठीवर असेल तर माल आत, कड्यात असेल तर माल बाहेर. सगळे तुझी चेष्टा करतात आणि कार्डांवरच काम चालवतात, हेही तू सांगितलंस. तेव्हा मीही तुझी चेष्टा केली होती. लहानपणी जिन्याच्या पायऱ्या मोजल्याशिवाय तू वर यायचा नाहीस, तेच वेड.

माझ्याकडे सतरा कडी आहेत. सोळा भरलेली, सतराव्यात चाळीस. म्हणजे आठशे चाळीस गाठी बाहेर गेल्या. तारांची कापलेली टोकं अजून चकचकीत आहेत, म्हणजे हे जुनं नाही. सोळा वर्षं मुलींना धाग्याचं टोक बघून टाका नवा की जुना ते ओळखायला शिकवलं, एवढं तरी मला कळतं.

मग धाकट्या, दोन नंबरमध्ये जळलं काय?

आणि मामांना फाईल घेऊन कुणी पाठवलं? तू लिहितोस "कुणीतरी". तू कधी "कुणीतरी" लिहीत नाहीस. तू तर शेजाऱ्यांकडे पाहुणे आले तरी किती आले ते लिहितोस.

पेटी भंगारात दिलेली नाही. उत्तर पाठव.

तुझी,
ताई


दि. २७ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जे होईल ते पाठवतो.

आगीच्या आधीच्या सोमवारी मालकांनी मला बोलावलं. दोन नंबरला रंग द्यायचा आहे, चांगल्या गाठी तात्पुरत्या दुसरीकडे हलवायच्या, असं सांगितलं. बुधवार ते शुक्रवार ट्रक लागले. हमाल कमी पडले म्हणून मीही हात लावला, खांदे त्यानेच दुखत होते. गेटपास करू नका, कार्डांवर नोंद करू नका, माल परत तिथेच यायचा आहे, असं मालक म्हणाले. मला ते विचित्र वाटलं, ताई. खोटं कशाला सांगू, तेव्हाच वाटलं. पण मी मूग गिळून बसलो. बिल्ले मात्र सवयीने कापत गेलो आणि ओवत गेलो. तो माझा हातच तसा आहे. आत फक्त चिंध्यांच्या गाठी राहिल्या, बासष्ट. चिंध्यांच्या बिल्ल्याचा मी एक कोपरा कापतो, म्हणजे अंधारातही हाताला कळावं.

शनिवारी मालकांनी माझ्या हातात एक फाईल दिली. उद्या दुपारी या, मामांना ही घेऊन माझ्या घरी पाठवा, ते येईपर्यंत गेटवर बसा. मी रविवारी गेलो. मामांना फाईल दिली. ते म्हणाले की गेट सोडून कसं जाऊ, आणि मी म्हणालो की मी बसलोय ना. ताई, हे माझेच शब्द आहेत. मी बसलोय ना. ते गेले. त्यांचा स्टोव्ह माझ्या समोर केबिनमध्ये होता, त्यावर त्यांनी मला चहा करून दिला होता. थोड्या वेळाने मालकांची गाडी आली, बरोबर एक माणूस होता. मालक म्हणाले की मी थांबतो, तुम्ही घरी जा. मी घरी गेलो. तासाभरात आमच्या गच्चीवरून धूर दिसला.

आगीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मालकांनी माझ्या ऑफिसात येऊन दार लावून घेतलं. कार्डं माझ्या हातची, गाठी हलवल्या मी, मामांना पाठवलं मी. तोंड उघडलं तर नाव कुणाचं येणार, हे त्यांनी अगदी शांतपणे समजावलं. मग म्हणाले, तुम्ही तर घरचे. भिंतीवरची बिल्ल्यांची कडी बघून म्हणाले की हा कचरा भंगारात टाका. त्यांना त्याचा अर्थ ठाऊक नाही. माझी चेष्टा करण्यापलीकडे तो कुणी विचारलाच नव्हता.

मला ती कडी टाकवेनात. आणि दाखवण्याचीही छाती नव्हती. म्हणून तुझ्या दारात आणून टाकली, दुसऱ्याच्या दारात पिलू सोडून पळतात तशी.

जबाबात मला सरळ विचारलं होतं की तुम्ही पहारेकऱ्याला पाठवलंत का. मी म्हणालो, नाही. मी रविवारी कारखान्यात गेलोच नव्हतो, असंही सांगितलं.

भीती वाटली, दुसरं काही कारण नाही. मिठाबिठाला जागलो नाही. आता आरशात दाढी करताना मी डोळ्यांकडे बघत नाही, फक्त गालाकडे बघतो. वहिनीला अजून काही सांगितलेलं नाही.

काय करू ते सांग. शेवटी काय लिहावं ते सुचत नाही.

धाकटा


दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद नेहमीसारखेच आहेत, पण आज ते लिहिताना हात जड आहे.

तुला झोडपायला बसले होते. दोन पानं लिहिलीही. मग तुझी आधीची पत्रं काढावी म्हणून डबा उघडला आणि माझं स्वतःचं आठ तारखेचं पत्र आठवलं. त्याची प्रत माझ्याकडे नाही, पण शब्द पाठ आहेत. कमी सांग, मिठाला जाग, आणि मामांना मी दिलेलं ते प्रशस्तिपत्र! ज्या माणसाच्या डब्यातला अर्धा घास मांजरीला जातो, त्याला मी घरबसल्या कामचुकार ठरवलं. माझा भाऊ सुखरूप आहे ना, मग बाकीचं जग जळो. आपला तो बाब्या म्हणतात ते हेच.

अजून एक सांगते, नाहीतर तुझ्याहून मी बरी असं तुला वाटायचं. पेटी उघडल्यावर मी तुला लगेच लिहिलं नाही. दोन दिवस ती परत यंत्राच्या पायाखाली ठेवली आणि वर बसून शेजारणीचं पोलकं शिवलं. म्हटलं, दोन वर्षं तर राहिली आहेत, कुणाला कळणार आहे. पायाखाली काय आहे ते ठाऊक असून मी यंत्र चालवत होते. टाके इतके वाकडे आले की शेजारीण काही बोलली नाही, यावरूनच समज.

काय करू म्हणून विचारतोस. ते तुला माहीत आहे, नाहीतर बिल्ले कधीच भंगारात गेले असते. मी पेटी घेऊन शनिवारी सकाळच्या गाडीने येते. तपासणीसबाईंच्या खोलीपर्यंत मी तुझ्याबरोबर चालेन. आत जाऊन बोलायचं तू. मला ऐकू येणार नाही, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

वहिनीला मी यायच्या आत सांग. तिला माझ्या तोंडून कळलं तर तो तुझा दुसरा गुन्हा होईल.

तुझी,
ताई


दि. ५ मार्च

रा. भाऊ यांस,
नमस्कार वि. वि.

इथल्या एका शिपायाने कागद दिला म्हणून लिहितो. अक्षराला हसू नये. मी ठीक आहे. जेवण वेळेवर देतात. फक्त फरशी थंड आहे, कंबर धरते.

इथले साहेब म्हणतात की मी आपल्या मनाने गेट सोडलं. मी सांगितलं की भाऊंनी फाईल दिली म्हणून गेलो. तेव्हा त्यांनी तुमचा जबाब वाचून दाखवला. मी म्हणालो, मग भाऊ विसरले असतील. त्यांच्या डोक्यात दिवसभर हजार आकडे असतात, त्यात माझ्यासारख्याची एक बारीकशी गोष्ट निसटली असेल. ते साहेब हसले. पण मी तुम्हाला इतकी वर्षं बघतो आहे. तुम्ही मुद्दाम असं करणार नाही.

म्हणून एवढीच विनंती की निवांत बसून आठवून बघा. तो रविवार होता. तुम्ही राखाडी स्वेटर उलटा घालून आला होता, शिवण बाहेर. मी सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात आणि माझ्या केबिनमध्येच तो सुलटा केलात. मग मी चहा केला. तुम्ही म्हणालात की साखर कमी आहे. मग फाईल दिलीत. स्वेटरवरून आठवेल.

कारखान्याची खोली रिकामी करायला सांगितली, म्हणून ही मुलीकडे राहायला गेली. तिला लोकांच्या नजरेचा त्रास होतो. मला नाही, मला माहीत आहे मी काय केलं आणि काय नाही.

गेटवरची मांजर कुणाकडे मागत नाही. तिला काही घालता आलं तर बघावं.

तुमचा भरवसा आहे, तो राहू द्यावा.

तुमचा,
मामा


दि. २९ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घर सुनं वाटतं. वहिनी माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते, पण ताट वाढते. तुझ्याबद्दल मात्र भरभरून बोलते. पेटी उचलून तू चार मजले चढलीस आणि मला हात लावू दिला नाहीस, ते ती सगळ्यांना सांगते.

तपासणीसबाईंनी सगळं पडताळलं. राखेतून चाळून काढलेले बिल्ले त्यांच्याकडे आधीच होते, एका काचेच्या बरणीत. ते काय आहेत हे मात्र त्यांना कळत नव्हतं, आणि मी रोज समोर बसून कळू देत नव्हतो. बासष्ट निघाले. प्रत्येकाचा कोपरा कापलेला. तुझ्या पेटीतले आठशे चाळीस धरून नऊशे दोन, एक इकडे नाही की तिकडे नाही. बाईंनी विचारलं की ही पद्धत कुणी शिकवली. मी म्हणालो कुणीच नाही. त्या म्हणाल्या की फार चोख काम आहे. ताई, आयुष्यात माझ्या कामाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि मला वर बघवलं नाही.

गाठी मालकांच्या मेहुण्याच्या शेडमध्ये सापडल्या. मालकांना अटक झाली, बरोबरच्या त्या माणसालाही. माझ्यावर खोट्या जबाबाचा खटला होईल. वकील म्हणतात की स्वतःहून आलात याचा विचार होईल. नोकरी गेलीच. त्याचं आता काही वाटत नाही.

मामा सुटले. त्यांचं पत्र मी तुला इथेच वाचायला दिलं होतं. वाचून तू ते परत घडी घालून माझ्या खिशात ठेवलंस. ते अजून तिथेच आहे.

परवा त्यांच्या मुलीकडे जाऊन आलो. जिन्यात दोनदा परत फिरलो. दार त्यांनीच उघडलं. कंबर धरूनच उभे होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले की मला ठाऊक होतं, तुम्हाला आठवेल. आठवलं ना शेवटी? स्वेटरवरूनच आठवलं ना? मामी आतून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना खरं काय ते कळलेलं दिसत होतं. आणि मी, ताई, मी म्हणालो, हो.

मग मामा आत वळून म्हणाले की बघ, मी म्हणत नव्हतो का.

चहा दिला. प्यायलो. साखर बरोबर होती. घरी येईपर्यंत कुणाच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. मी सगळं कबूल केलं, पोलिसांपुढे केलं, बाईंपुढे केलं, आणि ज्याच्याशी असं वागलो त्याच्यापुढे पुन्हा खोटं बोललो. या खेपेला भीतीचंही कारण नव्हतं. फक्त त्यांनी समोर केलेली ती मऊ जागा बघितली आणि बसलो.

तुझ्या मायेला पात्र नाही, तरी मागतो.

धाकटा


दि. २ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते. ते पत्र अजून तुझ्या खिशात आहे आणि तू त्याला उत्तर दिलेलं नाहीस. आपल्या घरात पत्राला उत्तर न देण्याची रीत नाही.

यंत्राचा पाय पुन्हा हलतो आहे. हलू दे.

तुझी,
ताई


दि. ६ एप्रिल

रा. मामा यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पाच मार्चचं पत्र मिळालं होतं. उत्तराला महिना लावला.

त्या दिवशी मी आपल्याकडे आलो तेव्हा आपण विचारलंत की आठवलं ना, आणि मी हो म्हणालो. ते खोटं होतं. आठवण्याचा प्रश्नच नव्हता. मी एक दिवसही विसरलो नव्हतो. स्वेटर उलटा होता, आपण सांगितल्यावर मी हसलो, चहात साखर कमी होती, आणि गेट सोडून कसं जाऊ असं आपण विचारलंत तेव्हा मी बसलोय ना असं मी म्हणालो. जबाब देताना यातला शब्द न् शब्द माझ्या डोक्यात होता. जबाबाच्या दिवशी मी तोच स्वेटर घातला होता, सुलटा. साहेबांनी विचारलं आणि मी नाही म्हणालो. मला अटकेची भीती वाटली आणि माझ्या जागी आपण आत गेलेलं मला चाललं, एवढंच त्यामागे आहे.

आपण पोलिसांसमोर माझी बाजू घेतलीत. घरातही घेतलीत. मामींनी त्या दिवशी मला आतून बघूनच ओळखलं, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांना तसं सांगावं. माझ्यामुळे आपल्याला घरात चुकीचं ठरावं लागतं, याबद्दलही माफी मागतो, आणि ती द्यावी असा आग्रह नाही.

मांजर आमच्याकडे आहे. पहिले चार दिवस खात नव्हती, आता खाते. पण दारात पाऊल वाजलं की उठून बघते आणि माणूस दुसराच निघाला की परत जाऊन झोपते. तिला न्यायला आपण स्वतः आलात तर आमचं दार उघडं आहे. दुसऱ्या कुणाला पाठवलंत, तरी मी समजून जाईन.

लोभ असू द्यावा असं पत्राच्या शेवटी लिहितात. ते आज माझ्याने लिहवत नाही.

आपला अपराधी,
स्टोअरकीपर